शीत लावून चिकटवलेली सिगरेट

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आले. पांढऱ्या साडीतल्या बायका, मागून येणाऱ्या हाका... असल्या भाकडकथांविरुद्ध मी स्वतः तुळिंजच्या बाजारात उभी राहून पत्रकं वाटली आहेत. तंबाखूविरुद्ध तर त्याहून जास्त. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय.

आम्ही वसईत गिरीजला राहतो. घरामागे केळीची वाडी, वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. त्याच्या काठावर बसून माझे आजोबा सिगरेट वळायचे. त्या सिगरेटीचं आमच्याकडे काय ते कौतुक! गुळाचं पाणी मारलेला तंबाखू, मांडीवर कागद ठेवून वळायची ती लकब... सांगता सांगता डॅडींचे डोळे मिटायचे. "आत्तासारखं विष नव्हतं गं ते." माझं डोकं फिरायचं. आजोबा घशाच्या कॅन्सरने गेले, माझ्या जन्माआधी. म्हणे विष नव्हतं!

डॅडी स्वतः पाकिटंच्या पाकिटं संपवायचे. गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे एकही सिगरेट नको, जिवावर बेतेल. डॅडींनी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवून शपथ घेतली.

आणि मग तो रविवार. मम्मी आणि मी स्कूटरवरून चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेलो. डॅडींना कोणी सिगरेट पोचवू नये म्हणून फाटकाला कुलूप मीच घातलं होतं, परतल्यावर मीच उघडलं. ओटीवर पाय ठेवला आणि वास आला — ओल्या गुळाचा, तंबाखूचा. डॅडी खुर्चीत. खुर्चीच्या हातावर हाताने वळलेली एक सिगरेट. न पेटवलेली.

"कोणी दिली?"

"मला काय ठाऊक? डोळा लागला होता. उठलो तर ही इथे."

"हो का? उडत आली?"

"अगं, खरंच..."

"खोटारडे आहात तुम्ही, डॅडी!"

खिसे, गादी, आल्ताराच्या, म्हणजे आमच्या देव्हाऱ्याच्या, मागची फट — सगळं उपसलं. तंबाखूचा कण नाही. मम्मी भडकली. "त्याच्या शर्टाची बटणं मी लावते, आणि तो सिगरेट वळणार? अक्कल आहे का तुला?"

मग मी सिगरेट नीट पाहिली. कागद ओळखीचा होता. "तंबाखू सोडा, घर सावरा" — माझंच वाक्य! आदल्या संध्याकाळी छापून आणलेलं पत्रक. गठ्ठा अजून स्कूटरच्या डिकीत होता, किल्ली माझ्याकडे. आणि कागदाच्या कडेला चिकटलं होतं भाताचं एक शीत. मऊ. रात्री आम्ही पाव खाल्ला होता, भाताचा कुकर अजून लागायचा होता.

शीत पाहून डॅडी खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "बाबा कागदाला थुंकी लावायचे नाहीत. पहिली सिगरेट नेहमी दुसऱ्याला द्यायचे ना... म्हणून शीत लावायचे."

इतक्या वर्षांच्या कौतुकात हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"म्हणजे ही माझी," ते म्हणाले आणि डावा हात पुढे केला. "दे इकडे. माचीस आण."

आवाज शांत होता, म्हणूनच मी घाबरले. मी सिगरेट टराटरा उलगडली.

आत काहीच नव्हतं. चिमूटभर तंबाखूसुद्धा नाही.

डॅडींनी तो कागद डाव्या हाताने घेऊन मांडीवर झटकला. "रिकामी दिली मला," एवढंच बोलले आणि लहान मुलासारखे रडले.

डिकीतला गठ्ठा पाहिला. सुतळीची गाठ प्रेसमधून आली तशीच. प्रेसवाल्याला छळलं, शेजाऱ्यांची उलटतपासणी घेतली. हाती शून्य. कागद माझ्या फाइलमध्ये आहे, वाळलेल्या शितासकट. कोणाकडे पटणारं कारण असेल तर जरूर कळवा, भुताखेताचं सोडून.

डॅडींनी त्यानंतर सिगरेट मागितलेली नाही. खोटारडे म्हटल्याची माफी मला अजून मागता आलेली नाही. रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मात्र आता मी लावते. कधीकधी वाकल्यावर वरच्या खिशातून तोच ओल्या गुळाचा वास येतो.

खिसा रिकामा असतो. मी तपासते.