गर्दी नसलेला मंगळवार

हे किस्से मी सांगतोय खरा, पण मला ते नीट आठवतात का, याची खात्री नाही. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पीएच.डी. केली, आणि आता सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही हे बायकोला विचारावं लागतं. तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या. माणसं मात्र खरी आहेत आणि बोलणी त्यांचीच आहेत. बहुतेक.

एक गोष्ट अनुभवाने सांगतो. ट्रिप झाली की तिचा एखाद-दुसरा किस्सा होतो. न झालेल्या ट्रिपचे किस्से संपता संपत नाहीत!

आमचा चौघांचा कंपू. पनवेलला वडाळे तलावाच्या कठड्यावर रोज सकाळी जमायचा. जोशी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. पाटील मूळचे बेलपाड्याचे, घरच्या भातशेतीवर टॉवर उभे राहिले, तेव्हापासून सांगायचे, "सर, आमच्या शेतात आता पंधरा मजली पीक येतं." तिसरा शरद. कारखान्यात इंजिनियर होता, माझ्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा. तीस वर्षांची अरे-तुरेची मैत्री. आणि चौथा मी.

शरदला पार्किन्सन झाला. हात थरथरायचा त्याचं त्याला काही वाटत नसे. खरा घोळ पायांचा होता. मोकळ्या रस्त्यावर तो बऱ्यापैकी चालायचा, पण गर्दीत शिरला की पाय जमिनीला चिकटायचे. उचलायचे म्हटलं तरी उचलायचे नाहीत. एकदा भाजी मार्केटात असाच मधोमध थांबला. मागून एक बाई ओरडल्या, "अहो काका, सरका ना! पुतळा बसवलाय का तुमचा?"

शरद वळू शकत नव्हता. तसाच समोर बघत म्हणाला, "अजून नाही बसवला. पण जागा बघून ठेवतोय."

त्याच दिवशी घरी येताना त्याने मला सांगितलं. एकदा समुद्रावर जायचंय. खोलीतून निघायचं आणि कुणाचा हात न धरता पाण्यापर्यंत चालत जायचं. डॉक्टर म्हणाले होते, पाय किती दिवस साथ देतील ते सांगता येत नाही.

मी विचारलं, "समुद्रच का रे?"

"पुढे तुम्ही मला ढकलतच नेणार आहात. एक ठिकाण तरी माझं मी जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी कठड्यावर चर्चा झाली. जोशींनी श्रीवर्धन सुचवलं. लहान गाव, सगळं चालत फिरण्यासारखं, रिक्षात चढ-उतर नको, शांत. फक्त गर्दी नसलेला दिवस हवा. मी म्हणालो, "प्लॅन मी करतो."

तिथेच घात झाला.

*

मी एक्सेल शीट केली. गर्दीचे दिवस लाल, मध्यम गर्दीचे पिवळे, रिकामे हिरवे. शनिवार-रविवार लाल. त्यांना चिकटून सुट्टी आली तर शुक्रवार आणि सोमवारही लाल. मे महिना आख्खा लाल. दिवाळी, नाताळ, शाळांच्या सहलींचे दिवस, हरिहरेश्वरला जाणारे लोक वाटेत थांबतात म्हणून महाशिवरात्र, गणपतीवाले निघतात म्हणून अंगारकी, सगळं लाल. मग शंका आली की मी दिवस कमी धरतोय, म्हणून प्रत्येक लाल दिवसाच्या अलीकडे-पलीकडे एकेक दिवस पिवळा केला.

प्रिंट काढून कठड्यावर नेली. शरद ती डोळ्यांजवळ धरून बघत राहिला. हातात कागद थडथडत होता.

"प्रोफेसर, यात हिरवा दिवस कुठाय?"

पाटलांनी कागद ओढून घेतला. वरून खाली बोट फिरवलं आणि ओरडले, "गावला! हा बगा, हाय एक! तीस फेब्रुवारी!"

*

पाटलांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. "उद्या चला. गाडी माजी. सकाळी निघू, जेवायला तितं. आमी खाडीकाठची माणसं, समुद्राला कदी अपॉइंटमेंट घेतली नाय."

आम्ही हसायचो. जोशी मला हळूच म्हणायचे, "यांना काय, रिस्क अॅनालिसिस माहीत नाही." मी मान डोलवायचो. हे मला स्पष्ट आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

मी सुपारीच्या वाडीतल्या एका घरगुती लॉजवर फोन लावला. चालवणाऱ्या काकूंना विचारायचे प्रश्न आधी लिहून काढले होते. कमोड आहे का? त्याच्या बाजूला धरायला दांडा आहे का? फरशी गुळगुळीत की खडबडीत? उंबरा किती इंच? लाईट गेली तर इन्व्हर्टर किती तास चालतो? जवळचा डॉक्टर एमबीबीएस की आयुर्वेदिक? कुत्री आहेत का? असली तर अंगावर येतात का?

काकूंनी सोळाव्या प्रश्नापर्यंत उत्तरं दिली. सतराव्याला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दोन रात्री राहायला येताय की मुलगी द्यायला?"

*

पावसाळा आला. शरदच्या हातात काठी आली. जोशी म्हणाले, श्रावणात जाऊ. श्रावणात लोक मासे खात नाहीत, त्यामुळे कोकणात कुत्रं फिरकत नाही. मी कुत्र्यांचा प्रश्न पुन्हा काढणार होतो, पण गप्प बसलो. पाटील भडकले, "मासे नाय खायाचे तर तितं जाऊन काय समुद्राचं त्वांड बगायचं?"

शरद म्हणाला, "मला तेवढंच बघायचंय, पाटील."

पाटील वरमले. "तसं नाय हो... चला, श्रावण तर श्रावण." पण पाऊस लागला, वाट निसरडी असेल अशी शंका मी काढली आणि श्रावण गेला.

मग मला युक्ती सुचली. पितृपक्ष! पंधरा दिवस कुणी शुभकार्य करत नाही, कुणी फिरायला जात नाही. खोल्या रिकाम्या, किनारे ओस. आणि आम्ही तर सुशिक्षित, विज्ञाननिष्ठ माणसं. मला वाटलं, संख्याशास्त्र फुकट गेलं नाही.

पहिले चार दिवस गणपतीहून परतणाऱ्या गाड्यांनी हायवे भरलेला, ते सोडले. मग जोशी चाचरत म्हणाले, "माझा विश्वास नाही, पण सप्तमीला वडिलांचं असतं. भाऊ येतो." आणि आई? "आईचं नवमीला. ती मानायची ना." पाटलांच्या वडिलांची द्वादशी, वर सर्वपित्रीला भाऊबंद जमायचे. मीच एकटा मोकळा आहे असं मला वाटत होतं. घरी आलो तर बायको म्हणाली, "पंचमीला मामंजींचं आहे. कावळ्याला घास ठेवायला कोण, मी जाऊ?"

सलग तीन दिवस काही निघेनात. तीन विज्ञाननिष्ठ माणसं आणि प्रत्येकाचा बाप वेगळ्या तिथीला!

शरद सगळं ऐकत होता. म्हणाला, "प्रोफेसर, मी एवढ्यात आटोपलो तर माझीही तिथी शीटमध्ये घाल. पुढच्या वर्षी प्लॅन सोपा जाईल."

*

ऑक्टोबरात मला वाटलं, आधी सराव हवा. शरद न थांबता किती चालू शकतो याचा काही डेटाच नव्हता आमच्याकडे. तलावाकाठी खडूने दोन रेघा मारल्या. एका रेघेवर जोशी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन, दुसरीकडे मी वहीपेन घेऊन.

शरद निघाला. छान चालत होता. तेवढ्यात दोन बायका थांबल्या. "काय चाललंय? स्पर्धा आहे का?" मग योगासनवाला ग्रुप थांबला. एक जण सल्ला देऊ लागला, "पाऊल उचलून टाका, आजोबा!" दुसऱ्याने टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांत दोन्ही बाजूंना माणसं उभी. आणि शरदचे पाय मधोमध चिकटले.

मी धावत गेलो. "अहो, सरका, सरका! यांना गर्दी चालत नाही!" ते ऐकून आणखी चौघं बघायला आले.

पाटलांनी हाकलाहाकली करून जागा मोकळी केली. शरदच्या कपाळावर घाम होता. माझ्या हातातल्या वहीकडे बघून म्हणाला, "समुद्रावर तुम्ही दोघं येऊ नका. मग गर्दी होणार नाही."

*

शेवटी डिसेंबरातला एक मंगळवार ठरला. दिवाळीची सुट्टी संपलेली, नाताळ लांब, अंगारकी नाही. काकूंकडे दोन खोल्या बुक केल्या. मीनावहिनींनी, म्हणजे शरदच्या बायकोने, त्याच्यासाठी वेलक्रोचे सँडल आणले. तो ते घालून घरात फेऱ्या मारायचा. वरच्या मजल्यावर मला चर्रचर्र ऐकू यायचं.

सोमवारी दुपारी मोबाईलवर बातमी आली. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. मी चार वेबसाइट पाहिल्या. तीन म्हणत होत्या, आपल्याकडे काही नाही. चौथी म्हणत होती, सांगता येत नाही. मी चौथीवर विश्वास ठेवला. पाटील फोनवर ओरडत होते, "सर, वारं मला कळतं. काय व्हायचं नाय!" मी बुकिंग रद्द केलं.

मंगळवारी ऊन पडलं. पनवेलला पानही हललं नाही.

संध्याकाळी खालून शरदचा फोन. "काय रे, वादळ आलं का?"

"नाही. ओमानकडे वळलं म्हणतात."

"हां. इकडे गर्दी असेल असं वाटलं असेल त्याला."

*

जानेवारीत शरद पडला. बाहेर नाही, घरातच, बाथरूमच्या दारात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर तो उभा राहिला नाही. वेलक्रोचे सँडल वहिनींनी वॉचमनला दिले.

हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. काय बोलावं सुचेना. अशा वेळी मी नेमकं बोलतो. म्हणालो, "एका अर्थी बरंच झालं वहिनी. तिथे श्रीवर्धनला पडला असता तर?"

वहिनी चादरीची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिथे वाळू होती, भावजी."

*

आणि आम्ही गेलो! हो, गेलो. फेब्रुवारीत. शरदनेच पाठवलं. "एवढा प्लॅन केलाय, वाया घालवू नका. बघून या आणि सांगा." जोशी, पाटील आणि मी. व्हीलचेअर घेऊन त्यालाही नेऊ, असं पाटील दोनदा म्हणाले. शरद म्हणाला, "ढकलत नको."

ट्रिप इतकी सुरेख झाली की काय सांगू. मंगळवार होता. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. सुरूच्या झाडांत वारा, ओल्या वाळूवर खेकड्यांची रांगोळी, बाजार-देऊळ-खोली सगळं पायी. काकूंनी सुरमई तळली होती. कमोडजवळ दांडासुद्धा होता. माझा अंदाज एकाही बाबतीत चुकला नव्हता.

दुपारी जेवताना शरदचा फोन आला. जोशींनी स्पीकरवर टाकला.

"काय रे, गर्दी आहे?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

"वा. आणि खोलीपासून समुद्र किती लांब आहे?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. पडवीतून समुद्राचा आवाज येत होता. त्यालाही फोनवर येत असेल का, हे तेव्हा मला सुचलं नाही.

"लांब आहे रे," मी म्हणालो. "बराच. वाटेत चढ आहे, दगड आहेत. तुला नसतं जमलं."

"नक्की?"

"नक्की."

शरद म्हणाला, "मग बरं झालं."

पाटील ताट तसंच टाकून उठले आणि बाहेर गेले.

त्या दिवशी मी खोटं बोललो की मला खरोखरच लांब वाटलं होतं, हे मला पुढे ठरवता येईना. आधी वाटायचं, धीर द्यायला बोललो. मग वाटायचं, नाही, होतंच की लांब, उगाच स्वतःला का दोष द्या. जोशींना विचारलं तर म्हणाले, "आठवत नाही बुवा." पाटलांना विचारायची हिंमत झाली नाही. शरद त्यानंतर दोन पावसाळे होता. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मागच्या वर्षी जावयाच्या गाडीतून मी श्रीवर्धनला गेलो. रविवार होता, किनारा माणसांनी फुललेला. लॉज आता काकूंची सून चालवते. मी तीच खोली मागून घेतली. माझे गुडघे गेलेत, काठीशिवाय चालवत नाही. जावयाला म्हटलं, तू इथेच थांब, माझा हात धरू नकोस. खोलीच्या पायरीवरून उतरलो आणि मनात मोजत निघालो. परत येतानाही मोजलं.

दोन्ही वेळा एकशे अठरा पावलं भरली. चढ कुठेच नव्हता.