आबांनी लावलेला नंबर

आमच्या तालुक्याच्या बातम्या देणारी वेबसाइट एकाएकी ब्लॉक झाली. का, ते कुणी सांगेना. डोकंच फिरलं. बारामतीत माझ्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, नंबर बदलला, तर लगेच उघडली. शेळगावात आमचे वडील, आबा, रोज तीच वाचायचे. त्यांना फोनवर तो नंबर सांगितला आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये टाका म्हटलं.

थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. शेतातली पाण्याची मोटर ते तिच्या स्टार्टरमधल्या सिमला फोन लावून चालू करतात. हा नंबरही तसाच लावला होता.

"आरं, ती बाई म्हणती, हा नंबर अस्तित्वातच न्हाय."

मला हसू येईना. वेबसाइटच्या जागी दिसणाऱ्या ब्लॉकच्या सूचनेखाली तक्रारीसाठी दिलेला नंबर मी सकाळीच लावला होता. मलाही त्याच बाईनं तेच ऐकवलं होतं.