शून्य तक्रारी

तिला सगळे मोजपट्टी म्हणत, फक्त तोंडावर नाही एवढंच. कंपन्या कामगारांच्या आरोग्यासाठी नाना उपक्रम काढत. त्यांचा खरंच उपयोग होतो का, हे तपासणं तिचं काम. ‘बरं वाटतं’ या शब्दांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. निम्म्यांना उपक्रम द्यायचा, निम्म्यांना नाही. कोणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि सहा महिन्यांनी दोन्ही गट ताडून पाहायचे. चिठ्ठ्यांत ढवळाढवळ झाली की सगळं मुसळ केरात!

या वेळी कपडे धुण्याचा मोठा कारखाना होता, आणि नेमका तिचा धाकटा भाऊ तिथे वाफेच्या इस्त्रीवर. वर्षभर त्याची झोप उडाली होती. घरी आला की भिंतीकडे बघत बसायचा. चिठ्ठीत त्याला उपक्रम मिळाला नाही. मोजपट्टीने आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी बदलली. जाऊ दे मेलं, भाऊ आहे माझा!

उपक्रम साधाच. रोज अर्धा तास एका पांढऱ्या खोलीत बसायचं आणि स्पीकरवरचा मऊ आवाज सांगेल तसा श्वास घ्यायचा.

महिन्याभरात धाकटा गाढ झोपू लागला. तिला हायसं वाटलं. तिसऱ्या महिन्यात मात्र त्या गटाच्या तक्रारी शून्यावर आल्या, आणि ती चरकली. चाळीस माणसं म्हटल्यावर कुणाचं तरी काहीतरी दुखणारच की! ती खोलीत डोकावली. चाळीस छात्या एकदम वर, एकदम खाली. दार धाडकन आपटलं तरी एकही मान वळली नाही.

दुपारी ती इस्त्रीखात्यात गेली. धाकटा हसतमुखाने उभा होता आणि त्याचा डावा हात इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्याखाली होता.

“अरे, हात! हात काढ!” तिने ओढूनच काढला. तळवा पांढराफटक पडला होता. “दुखतंय का रे?”

“नाही ताई. छान वाटतंय.”

दुसऱ्या गटातली एक बाई बर्फ घेऊन रडत धावत आली. शेजारचे तिघे इस्त्री करतच राहिले.

ती तशीच कारखान्याच्या साहेबांकडे धावली. “बंद करा हे! मी चिठ्ठी बदललीय, माझे आकडे खोटे धरा!”

“एका माणसाने काय फरक पडतो, बाई?” साहेब म्हणाले. “उद्यापासून सगळ्यांनाच बसवतोय.”

धाकटा मागोमाग आला होता. त्याने जळका हात तिच्या पाठीवर ठेवला आणि मायेने म्हणाला, “ताई, तू पण बस ना. फार त्रास करून घेतेस.”