झिरोचा खुंटा

त्याच्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती. चूक मी केली होती, आणि जाणूनबुजून केली होती. हे एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली, की ज्या मशीनवर ते घडलं ते केव्हाच भंगारात गेलं असेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. पोलाद कारखान्यातल्या आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये चार प्रोसेसरचं नवं मशीन आलं होतं. ते सांभाळायचं काम माझं. मुख्य पासवर्ड फक्त मला ठाऊक. साहेब आत आले की सरळ माझ्या खुर्चीपाशी यायचे. मग कारखान्याच्याच प्लेट मिलमधून बदली होऊन तो आला. वडील भंडाऱ्याकडून येऊन कामगार म्हणून लागलेले, घर कॅम्प-१ च्या वस्तीत. माझ्याशी मराठी बोलणारा ऑफिसात तो एकटाच. त्याच्याशी बोलताना माझीही भाषा घरच्यासारखी 'मले-तुले' व्हायची. डबा आम्ही एकत्र खायचो.

एरवी कुठलं काम कुठल्या प्रोसेसरवर चालवायचं हे मशीन स्वतःच ठरवतं. पण एक कमांड दिली की ते काम एका ठरावीक प्रोसेसरला बांधता येतं. मग बाकीचे तीन रिकामे बसले तरी ते तिथून हलत नाही. मॅन्युअल वाचून हे त्यानेच मला समजावलं. मला, मशीन सांभाळणाऱ्याला!

"हे खुंट्याले बांधल्यासारखं हाये गा," तो म्हणाला. "अन् गाय बांधली का वासरूबी त्याच खुंट्याले. त्या कामातून जे नवीन काम निंघन, तेबी तिथंच अडकन."

शेजारीच उभ्या साहेबांना हे फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून सगळं ऑफिस 'खूंटा' म्हणू लागलं. मॅन्युअल माझ्याच कपाटात होतं.

मिलमध्ये कुठल्या प्लेटा आधी रोल करायच्या आणि कुठल्या नंतर, याची यादी बनवणारा प्रोग्राम त्याने लिहिला. तो कामाचे चार भाग करायचा आणि चारही प्रोसेसर एकदम जुंपायचा. साहेबांचा चहा संपायच्या आत यादी पडद्यावर. एकदा साहेबांनी स्वतः स्टूल ओढून त्याच्याजवळ बैठक मारली. माझ्यापाशी ते कधी बसले नव्हते, उभेच असायचे. ते स्टूल मला घरी जेवतानाही दिसायचं.

मिलची माणसं प्रोग्राम बघायला येणार होती, त्या सकाळी मी झिरो नंबरचा प्रोसेसर निवडला. सगळ्या डिस्कची नि टर्मिनलची धावपळ त्याच्यावरच असायची. आधी साठ्याचा रोजचा मोठा रिपोर्ट तिथे बांधला, मग तो ज्यातून प्रोग्राम चालवायचा ते त्याचं लॉगिन. गाय बांधली, वासरांसाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

चहा आला, संपला, कपांच्या तळाशी साय वाळली. पडदा कोराच.

"भैया," मिलचा इन्चार्ज म्हणाला, "इतनी देर में तो हमारा मुंशी कागज़ पे बना के पान भी खा आता।"

सगळे हसले. साहेबांनी स्टूल पायाने मागे सारलं. मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

ते गेल्यावर मी गाठ सोडली. त्या दिवशी त्याने डब्यात दोघांपुरता गोळाभात आणला होता.

"कावून अटकलं असन गा? काल तं चांगलं धावून रायलं होतं."

"आज डेटा मोठा होता," मी म्हणालो. "तुझ्या लॉजिकमध्येच कुठं तरी गडबड असन."

त्याला जेवण गेलं नाही. त्याचा वाटाही मीच खाल्ला.

नंतर त्याने प्रोग्राम पुन्हा चालवला, तर तो झपाट्याने धावला. त्यामुळे तो स्वतः जास्तच खचला. "कधी धावते, कधी बसते. असं जनावर कोणाच्या दारी बांधू मी?" म्हणाला, आणि मिलमध्ये परत जायचा अर्ज दिला. साहेबांनी थांबवलं नाही. ते पुन्हा माझ्या खुर्चीपाशी येऊ लागले. उभेच.

दोन वर्षांनी मिलमध्येही कॉम्प्युटर बसला. तिकडचा एक जण सहज सांगून गेला, की त्याला बोलावलं तर तो हात लावायला तयार नाही. "अपने से नहीं होता" एवढंच म्हणतो.

त्या रविवारी मी सायकल काढून मरोद्याला, त्याला मिळालेल्या नव्या क्वार्टरवर गेलो. उन्हाळा तोंडावर होता. तो अंगणात कूलरच्या जाळीत नवं गवत भरत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"बरा आला गा. धर हे टोक."

मी टोक धरलं. धरूनच बोललो, नाहीतर परत फिरलो असतो.

"त्या दिवशी तुझं लॉगिन मीच झिरोले बांधलं होतं. तू पुढं जाऊन रायला होता, मले पाहवलं नाही. तुझ्या लॉजिकमध्ये एकबी चूक नव्हती. डबा खाताना खोटं बोललो, तेबी मीच. उद्या मिलमध्ये येऊन तुझ्या इन्चार्जसमोर हेच सांगतो. मले माफ कर."