दादाच्या औषध-चाचणीची डायरी

थोरल्या भावाच्या डायरीत मी सलग आठ दिवस खोटं लिहिलं.

दादाला फुप्फुसाचा कर्करोग होता, तोही पसरलेला. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात दोन औषधं एकत्र देऊन बघायची चाचणी सुरू होती. ही औषधं शरीराच्याच प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडतात. कधीकधी ती आपल्याच आतड्यांवर उलटते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादा साखर कारखान्यात बॉयलरवर होता, कागदांचा त्याला कंटाळा. संमतीपत्र मीच वाचलं. "तू वाचलंयस न्हवं? मग आन पेन," म्हणाला. त्रास वाढला तर औषध बंद करावं लागेल, ही ओळ मी दोनदा वाचली होती.

दवाखान्यानं दिलेली रोजची डायरी मी भरायचो. खोकला, पुरळ, जुलाब. आहे की नाही, किती वेळा.

औषधाच्या दुसऱ्या सलाईननंतर गावची म्हाई, म्हणजे देवीची जत्रा आली. घरोघर मटण. दादानं दोन वाट्या रस्सा ओरपला आणि दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले.

वहिनी म्हणाली, "भावजी, सकाळधरनं सहा बार झालं. लिवा की."

"मटणाचं हाय ते, वैनी."

"मटान समद्यांनीच खाल्लं की. तुमचं पोट का न्हाय बिघडलं?"

मी 'नाही' लिहिलं. निम्मं मला पटतही होतं. दादाचा खोकला कमी झाला होता, तो जिना चढू लागला होता. हे औषध सुटू नये, एवढंच डोक्यात. घरात बसवत नव्हतं. गच्चीवर जायचो, लगेच खाली यायचो, संडासाच्या दाराशी कान देऊन उभा राहायचो. आतून दादा ओरडायचा, "पहारा कशाला रं? पळून जातुय व्हय मी?"

नवव्या दिवशी जुलाबातून रक्त पडलं. रिक्षानं दवाखाना गाठला. चाचणीचं काम बघणाऱ्या मॅडमनी डायरी उघडली. "काका, इथं तर काहीच नाही."

"खोटं लिहिलंय मी."

डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर कदाचित थोडे दिवस थांबून औषध पुन्हा देता आलं असतं, म्हणाले. आता ते द्यायचं नव्हतं.

मी नवी डायरी मागितली.

"ती नाही मिळणार, काका. व्हाइटनरही नको. एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहा. सही करा, आजची तारीख घाला."

पहिल्या चार 'नाही'वर रेघा मारल्या. पाचव्या दिवशी किती वेळा झालं होतं ते आठवेना. वॉर्डात जाऊन दादालाच विचारावं लागलं.

तो डायरीकडं बघत राहिला.

"मला वाटलं, तुला त्यातलं कळतंय."

मी पेनाचं टोपण काढलं.

"बारा," तो म्हणाला. "लिव."