लोपीसबाईंचं रोजचं कोडं

कुणी उत्तर मोठ्याने सांगितलं, की लोपीसबाई ते अख्खं कोडं फाडून टाकायच्या. इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक शब्दकोडं, तेही पेनाने सोडवायचं, हा त्यांचा सकाळचा नेम. मी त्यांच्या शाळेत नवी शिक्षिका होते. रविवारी विरारहून स्कूटरने पापडीला त्यांच्याकडे कोडी शिकायला जायचे. "क्लू बोलतो एक आणि मागतो भलतंच," त्या म्हणायच्या. "लबाड असतो, पण त्यात एक शब्दही फुकट बसत नाही." दोन दोन दिवस डोकं फोडून घ्यावं आणि भाजी निवडताना उत्तर अवचित समोर यावं, हा आनंद मला त्यांनीच दिला. तो नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

जीभ मात्र विळीसारखी. ती सगळ्यात जास्त चालायची धाकट्या बहिणीवर. फिलू बिनलग्नाची, घर आणि केळीची वाडी सांभाळणारी. तिने एकदा भीतभीत एक उत्तर सुचवलं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला बाजारची पिशवी दे. इथे डोकं असणाऱ्यांची जागा अडवते." उत्तर बरोबर होतं, म्हणून तर कोडं फाटलं.

पुढे काचबिंदूने बाईंची दृष्टी गेली. फिलू शेजारी बसून क्लू वाचायला लागली, शिव्या खात बाईंची उत्तरं भरायला लागली. एका रविवारी मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. ती वाचत होती ते पानावर कुठेच नव्हतं. मनानेच काहीबाही रचत होती, आणि बाई कपाळाला हात लावून त्यावर डोकं शिणवत होत्या. मला संताप आला. फिलू चहा करायला आत गेल्यावर मी बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाई हसल्या. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. अर्धे शब्द नुसती खोगीरभरती. ही अडाणी बाई क्लू काय रचणार? पण कानावर काहीतरी पडतं, तेवढ्यावर माझा दिवस जातो."

आवाज वर्गातला, सवयीने मोठा. फिलू चहाचे कप घेऊन दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने वाचणं बंद केलं. पेपर मात्र येत राहिला.

पुढच्या रविवारी गेले, तर बाई खुर्चीत ताठ बसलेल्या आणि फिलू त्यांच्या पायाशी पेपर पसरून बोंबील साफ करत होती. कागद वाजला की बाईंची मान तिकडे वळायची. मी वाचते म्हटलं.

"तू रविवारची," बाई म्हणाल्या. "बाकीच्या दिवसांचं काय?" मग पायांच्या दिशेने वाकून, "फिलू, एक तरी वाच गं."

"उत्तर असलेलं पायजे, का नसलेलं?"

"कुठलंही चालेल."

बाईंना कुणाकडे काही मागताना मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. मला ते ऐकवेना. फिलूने मान वर केली नाही. कोड्याचं पान पुढे ओढलं, त्यावर बोंबलांची मुंडकी टाकली आणि म्हणाली, "आज नुसत्या जाहिराती हायत, बाय."