मुक्याने निघणाऱ्या देवाला माझा साउंड

"आवाज पार घाटाखाली गेला पाहिजे," आप्पा म्हणाले. मी मान डोलावली. आमच्या धंद्यात मान डोलावणं हे अर्धं काम असतं.

आप्पा म्हणजे तालुक्याचे पुढारी. मी जव्हारचा साउंडवाला. खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर देवाची पाटी, म्हणजे देव ठेवलेली टोपली, निघणार होती. सकाळीच टेम्पो लावला, बेस खाली ठेवले (म्हणजे ज्यांनी छातीत धडधडतं ती मोठी खोकी), जनरेटर चालू केला आणि मागे स्टोव्ह पेटवून चहा टाकला. चहाशिवाय माझ्याच्याने एक वायर जोडवत नाही.

तेवढ्यात पाड्याचा भगत, लखमाबाबा, आला. खोक्यांकडे बघून म्हणाला, "दादा, आमचा देव वाजत नाय जात."

"म्हणजे?"

"फिरंगी किनाऱ्याला देवळं पाडीत होतं ना, तवा आमच्या वाडवडलांनी देव लपवून वर आनला. येका घरानं दुसऱ्या घरापरत न्यायचा. फुडला रस्ता कुनाला ठाव नाय. धरला तरी काय सांगल?"

अजूनही तसाच नेतात. प्रत्येक घराने आपल्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, असं करत शेवटी नदीवर. जो नेतो तो तोंडातून शब्द काढत नाही. कोंबडेसुद्धा डालग्याखाली झाकून ठेवतात. आणि एका घराने जरी पाटी धरली नाही, तरी देव तिथेच बसतो, वर्षभर नदीवर जात नाही.

मी म्हटलं, "बाबा, ते आप्पांशी बोला." जबाबदारी पुढच्या दारी पोचवण्यात मीही काही कमी नव्हतो.

खरी भानगड माझ्या पेनड्राइव्हमध्ये होती. आप्पांनी लिहून दिलेलं निवेदन मी माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं होतं, वर एको टाकून. एको म्हणजे आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो, मामुली माणूससुद्धा इतिहासपुरुष वाटतो. "ज्यांनी आपले देव फोडले, त्यांच्याच वळचणीला गेलेले आज आपल्या पाड्यात राहतात!" हे वाक्य मी चार वेळा घेतलं. चौथ्यांदा माझ्याच अंगावर काटा आला. अर्थाकडे लक्ष होतं कोणाचं?

"पाटी सोमीबाईच्या दारात आली की लाव," आप्पांनी बजावलं. पाड्यात ख्रिस्ती प्रार्थनेला जाणारं एकच घर, ते तिचं. टेम्पो नेमका तिच्या अंगणासमोर. ती शेणाने अंगण सारवत होती. मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

न राहवून विचारलं, "मावशी, तुम्ही तर प्रार्थनेला जाता ना?"

"जात्ये. पोर आजारी व्हता तवापासून. पन देव माज्या दारातून जातो. माजी सासू न्यायची, आता मी नेत्ये." मग खोक्याकडे बोट करून, "काय लावनार रं?"

"भक्तिगीत," मी म्हणालो. पाणी तिचंच पीत होतो.

पाटी आली. शेजारचा माणूस ती डोक्यावर घेऊन तिच्या अंगणात उभा राहिला. सगळा पाडा चिडीचूप. आप्पांनी हात वर केला आणि मी, शहाणा, बटण दाबलं.

माझा आवाज डोंगरावर आपटून परत आला. सोमीबाईने ऐकलं. पुढे केलेले हात तिने मागे घेतले, घरात गेली आणि दार लोटलं. शेजारी पाटी घेऊन तसाच ताटकळत. लखमाबाबा मटकन खाली बसला.

आप्पांनी आवाज वाढवायची खूण केली. मी स्पीकरची पिन उपटली आणि ओरडलो, "जनरेटर गेला!"

जनरेटर माझ्या पाठीमागे धडधडत होता. एवढं खोटं मी आयुष्यात कधी बोललो नसेन, आणि एवढं वाईट तर नाहीच. एक पोरगी फिसकन हसली. लखमाबाबा उठला, शांतपणे जनरेटरपाशी आला आणि त्याने तो बंद केला.

मग दार उघडलं. सोमीबाईने पाटी डोक्यावर घेतली, चार पावलं चालली आणि थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता पाटीसकट शिव्या खातोय.

लखमाबाबाने माझ्या स्टोव्हकडे बोट दाखवलं. "चूल पेटली त्ये घर. आता तुला न्यायला लागल."

पाटी माझ्या डोक्यावर आली. जड होती. मी चालायला लागलो. मागून आप्पा ओरडत होते, "अरे, माझं निवेदन? बोल की! मुका झालास काय?"

पुढचं दार लांब होतं. मी बोललो नाही.

पाटी नदीवर पोचली. आप्पांचं काम तेव्हापासून दुसरा साउंडवाला करतो, त्याचे बेस माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी हल्ली ऑर्डर घेताना जागा, लाइट, वेळ विचारून झालं की आणखी एक विचारतो: स्पीकरचं तोंड कोणाच्या दाराकडे येणार? बरेच जण त्यावर फोन ठेवून देतात.